लाँगबो एवढा भारी होता, तर इंग्रज हरले कसे?

मागच्या भागात मी लाँगबोचं जरा जास्तच कौतुक केलं. इंजिनिअर माणूस, यंत्र दिसलं की भुलतो. मग एका श्रोत्याने मेलवर विचारलं, "एवढं भारी शस्त्र होतं, तर इंग्रज हरले का?" दोन आठवडे यावरच वाचतोय. माझं चुकलंच होतं.

नाव शंभर वर्षांचं युद्ध, पण १३३७ ते १४५३ म्हणजे ११६ वर्षं. क्रेसी, प्वातिये, आजिंकूर, तिन्ही मोठ्या लढाया इंग्रजांनी जिंकल्या. पण लढाया मोजक्याच झाल्या. उरलेला वेळ काय, तर गावं जाळणं. १३५५ मध्ये ब्लॅक प्रिन्स बोर्दोहून निघाला तो पार नार्बोनपर्यंत जाळत, लुटत गेला. हे मी मागच्या वेळी एका वाक्यातही सांगितलं नव्हतं.

१३५६ ला प्वातियेत तर फ्रान्सचा राजा जाँ दुसराच पकडला गेला. १३६० च्या तहात त्याची खंडणी ठरली तीस लाख सोन्याची एक्यू नाणी. देणार कोण? प्रजाच. त्यासाठी जे कर बसले, त्यातून फ्रेंच राजांना नियमित कर घ्यायची सवय लागली. म्हणजे इंग्रजांच्या विजयानेच शत्रूची तिजोरी घडवली! पुढे सातव्या चार्ल्सने १४४५ मध्ये अशाच करांच्या जोरावर कायमचं पगारी घोडदळ उभं केलं.

आणि तोफा. लाँगबो विकत मिळतो हो, तिरंदाज मिळत नाही. लहानपणापासून हात तयार करावा लागतो. तिसऱ्या एडवर्डला १३६३ मध्ये सुट्टीच्या दिवशी सराव करा, असा हुकूमच काढावा लागला होता. फ्रेंचांचा तोफखाना सांभाळत होता जाँ ब्यूरो, सरदार नव्हे, खजिन्याचा अधिकारी. मला हा माणूस फार आवडला.

१७ जुलै १४५३, कास्तियों. साठी उलटलेला टॅलबॉट चालून आला. फ्रेंच छावणीतून धूळ उडताना दिसली, शत्रू पळतोय असं त्याला वाटलं, असं सांगतात. तो थेट तोफांच्या तोंडावर गेला आणि तिथेच मेला.

इंग्रजांकडे उरलं फक्त कॅले, तेही १५५८ मध्ये गेलं. पण "फ्रान्सचा राजा" ही पदवी त्यांनी १८०१ पर्यंत लावली. मेल पाठवणाऱ्या दादा, उशीर झाला, पण उत्तर हे असं आहे.