विद्यार्थ्याने प्रिंटर कोणता घ्यावा?

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी थोर विद्वानांची भाषणे आपण ऐकत आलो आहोत. मी केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सारी हयात प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे काढलेला मनुष्य. चिटणीसांनी आग्रह धरला म्हणून उभा राहिलो आहे. माझा विषय ऐकून काहींना हसू येईल. समाजोन्नतीच्या व्यासपीठावर प्रिंटरसारख्या यंत्राचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु या विषयात माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती आपल्या शिक्षणनिधीच्या पैशाने घडली आहे. सबब तिचा हिशेब आपणांपुढे मांडणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

२०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या. मुलांचे धडे व स्वाध्याय फोनवर येऊ लागले. लहानशा पडद्यावर वाचून मुलांचे डोळे दुखत, म्हणून गरजू विद्यार्थ्यांना घरी छापण्याची सोय करून द्यावी असे निधीसमितीत ठरले. गुरुजी चोखंदळ आहेत म्हणून खरेदीचे काम माझ्याकडे आले. मी दुकानातील सर्वांत स्वस्त यंत्र पसंत केले. प्रत्येकी ३,५०० रुपयांप्रमाणे तीन यंत्रे घेतली, १०,५०० रुपयांची पावती समितीपुढे ठेवली, आणि निधीचा पैसा वाचविल्याबद्दल शाबासकीही घेतली.

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांपैकी एका घरी जाण्याचा योग आला. घर आपल्या एका विधवा भगिनीचे. त्या पापड लाटून संसार चालवितात, मुलगी हुशार. प्रिंटरवर विणलेला रुमाल घातलेला होता व त्यावर पुस्तके रचली होती. “यंत्र बिघडले की काय?” असे मी विचारले. मुलगी खाली मान घालून म्हणाली, “नाही गुरुजी, यंत्र चांगले आहे. शाई परवडत नाही.” पहिले कार्ट्रिज महिन्यात संपले. दुसऱ्यास ७५० रुपये पडले. ते आईने पापडांच्या पैशातून आणले. तिसरे आणलेच नाही. मुलगी पुन्हा तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात जाऊ लागली. “मग मंडळाला का कळविले नाही?” असे विचारताच आई म्हणाल्या, “मंडळाने दिलेल्या वस्तूला नावे कशी ठेवायची, गुरुजी?”

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मी पस्तीस वर्षे मुलांना शिकविली, आणि स्वतः मात्र कोंबडीचाच भाव पाहून आलो!

वास्तविक हा धडा मला ठाऊक असावयास हवा होता. आमच्या शाळेत परीक्षेच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाईलवर निघत. स्टेन्सिल कापण्याचा खर्च एकदाच येई. कागद व शाई मात्र प्रतीगणिक लागे. म्हणून पाच प्रतींसाठी कोणी स्टेन्सिल कापीत नसे आणि दोनशे प्रतींसाठी कोणी हाताने लिहीत नसे. यंत्राचा खर्च दोन प्रकारचा असतो, एक घेतानाचा व दुसरा चालविताना रोज होणारा. आजच्या प्रिंटरलाही नेमका हाच न्याय लागू आहे.

आता यंत्रांचे प्रकार पाहू. विद्यार्थ्याला उपयोगी असे मुख्य प्रकार तीन.

पहिला प्रकार कार्ट्रिजच्या इंकजेटचा. यात शाईची लहानशी डबी बसविलेली असते व तिच्या सूक्ष्म छिद्रांतून शाईचे बारीक थेंब कागदावर उडतात. हे यंत्र स्वस्त मिळते, कारण विकणाऱ्याचा नफा पुढे शाईवर येत राहतो. मी घेतलेल्या यंत्राच्या काळ्या कार्ट्रिजवर १२० पाने असा आकडा होता. ७५० रुपयांना १२० ने भागिले तर पानामागे शाईचा खर्च सव्वासहा रुपये येतो. शिवाय हे यंत्र बरेच दिवस पडून राहिले तर छिद्रांत शाई वाळते, आणि ती साफ करण्यातही शाईच जाते. रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन रंग एकत्र असतात; त्यांतील एक संपला तरी सारी डबी बदलावी लागते. काही यंत्रे तर बाहेरून भरलेली कार्ट्रिजे स्वीकारीतच नाहीत.

दुसरा प्रकार शाईच्या टाकीचा. छपाईची रीत तीच, परंतु डबीऐवजी यंत्राला टाक्या असतात व बाटलीतून शाई ओतावयाची असते. काळ्या शाईच्या एका बाटलीत सामान्यतः ४,००० ते ७,००० पाने निघतात. त्यामुळे पानामागे शाईचा खर्च दहा पैशांच्या आसपास येतो. यंत्राची किंमत मात्र मी चौकशी केली तेव्हा ११,००० रुपयांच्या घरात होती.

तिसरा प्रकार काळ्या छपाईच्या लेसर प्रिंटरचा. याचे मूळ झेरॉक्सच्या विद्येत आहे. अमेरिकेतील चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी कोरड्या पुडीने विजेच्या साहाय्याने पहिली प्रतिमा उमटविली. त्याच तत्त्वावर पुढे लेसर प्रिंटर झाला. यात शाई नसून टोनर नावाची बारीक पूड असते व ती उष्णतेने कागदावर पक्की बसविली जाते. म्हणून अक्षर पाण्याने पसरत नाही, आणि यंत्र दोन महिने सुट्टीत बंद राहिले तरी काही वाळत नाही. लहान यंत्राच्या एका टोनरमध्ये साधारणपणे १,५०० ते २,६०० पाने निघतात व अस्सल टोनर वापरल्यास पानामागे दीड ते तीन रुपये पडतात. मात्र कागद तापविताना हे यंत्र काही क्षण शेकडो वॅट वीज ओढते. ज्या गावी वारंवार वीज जाते तेथे घरगुती इन्व्हर्टरवर ते चालेल अशी आशा धरू नये. इंकजेटला छापताना साधारण दहावीस वॅटच पुरतात.

खोक्यावर पानांचा जो आकडा छापलेला असतो त्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. काळ्या मजकुराच्या बाबतीत तो आकडा पानाचा सुमारे ५ टक्के भाग शाईने भरला आहे असे धरून काढलेला असतो. विरळ मजकुराचे पान तेवढीच शाई घेते. परंतु चित्रे, आलेख व काळ्या पट्ट्या असलेले पान तिच्या कित्येक पट शाई पिते. तसेच नव्या यंत्रासोबत आलेले कार्ट्रिज वा टोनर पुष्कळदा पुरते भरलेले नसते. दुकानदाराला हे स्पष्ट विचारावे.

आता विद्यार्थिमित्रांनो, वही-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर गणित करा.

कागदाचे ५०० पानांचे रीम धरून एका कागदास सुमारे ६० पैसे पडतात. टाकीच्या यंत्राची शाई १० पैसे धरली तर एक पान ७० पैशांत निघते. आमच्या तालुक्याच्या दुकानात एका पानाला ३ रुपये घेतात. म्हणजे स्वतःच्या यंत्रावर पानामागे २ रुपये ३० पैसे वाचतात. या बचतीतून ११,००० रुपये भरून निघण्यास सुमारे ४,८०० पाने छापावी लागतील. महिन्याला १०० पाने छापणाऱ्या विद्यार्थ्यास यासाठी चार वर्षे लागतील. म्हणजे पदवी हाती येईल तेव्हा कोठे यंत्राची किंमत फिटेल! महिन्याला ४० पाने छापणाऱ्यास तर दहा वर्षे लागतील. कार्ट्रिजच्या यंत्राचे पान कागदासह ६ रुपये ८५ पैशांना पडते, तेव्हा दुकानाशी तुलना केल्यास त्याची किंमत कधीच फिटणार नाही.

यावरून निघणारा निष्कर्ष कदाचित आपणांस अनपेक्षित वाटेल. महिन्याला चाळीस-पन्नास पाने छापणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याने, दुकान जवळ असेल तर, प्रिंटर घेऊच नये. त्या मुलीला ३,५०० रुपयांचे यंत्र देण्याऐवजी तेवढीच रक्कम छपाईसाठी दिली असती तर तिची अकराशेहून अधिक पाने, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळाची गरज भागली असती.

ज्या घरी दोन-तीन भावंडे शिकत आहेत व दरमहा दोनशे-तीनशे पाने निघतात, त्यांनी मात्र खुशाल टाकीचे यंत्र घ्यावे. ज्याला केवळ काळा मजकूर हवा आहे आणि जो महिनेमहिने बाहेरगावी असतो त्याने लेसर घ्यावा. रंगीत पाने प्रकल्पाच्या वहीत चार-दोनच असतात. ती दुकानातून काढून आणावीत.

यंत्र घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. त्याची शाई वा टोनर आपल्या गावात मिळतो काय? दुरुस्तीची सोय जिल्ह्याच्या गावी आहे काय? हमी किती वर्षांची व किती पानांची? कारण टाकीच्या यंत्रांना पुष्कळदा एक वर्ष किंवा ठराविक पाने, जे आधी होईल तेवढीच हमी असते. आणि चौथी गोष्ट, कागदाच्या दोन्ही बाजूंस ते आपोआप छापते काय? न छापल्यास आधी विषम व मग सम पाने काढून तेच साधता येते, व कागदाचा खर्च निम्म्यावर येतो. घेतल्यानंतर टाकीच्या यंत्रावर आठवड्यातून एखादे पान अवश्य काढावे, शाई अस्सल वापरावी, आणि शाईने भरलेले यंत्र एस.टी.तून आडवे-तिडवे नेऊ नये. शाई सांडून ते कामातून जाते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्या वसतिगृहात आज २४ विद्यार्थी राहतात. प्रत्येकी महिन्याला ४० पाने धरली तर ९६० पाने होतात. तेथे टाकीचे एक यंत्र ठेवून पानामागे १ रुपया घेतला, तर महिन्याला ९६० रुपये जमा होतील, कागद-शाईला ६७२ रुपये लागतील, आणि २८८ रुपये दुरुस्तीसाठी शिल्लक पडतील. प्रत्येक मुलाचे महिन्याला ८० रुपये, सर्वांचे मिळून १,९२० रुपये वाचतील. म्हणजे निधीने दिलेले ११,००० रुपये सहा महिन्यांच्या आत मुलांच्या खिशात परत गेलेले असतील. मी तीन घरांत तीन निरुपयोगी यंत्रे देण्यात जी रक्कम घालविली, जवळजवळ त्याच रकमेत हे झाले असते. जे एकट्याला परवडत नाही ते चोविसांना मिळून सहज परवडते. आपल्या पूर्वजांनी पै-पै जमवून हे वसतिगृह उभारले ते याच विचाराने.

यास्तव माझी समितीस नम्र विनंती आहे की, यापुढे बक्षीस म्हणून कोणालाही यंत्र देऊ नये. वसतिगृहात एक सामाईक यंत्र व त्याशेजारी हिशेबाची वही ठेवावी. आणि खेड्यात राहणाऱ्या गरजू मुलांना वर्षाला छपाईखर्च म्हणून १,२०० रुपये द्यावेत. वही तपासण्याचे काम मी पत्करतो. यंत्राच्या किमतीपैकी ३,५०० रुपये माझ्या निवृत्तिवेतनातून देत आहे. त्या एका घराचे माझ्याकडून तेवढे देणे लागते, आणि ते घर आता घेणार नाही, म्हणून वसतिगृहाने घ्यावे.

आणि देणाऱ्या मंडळींना एकच सांगणे आहे. वस्तू दिल्यावर सहा महिन्यांनी एकदा त्या घरी जाऊन यावे. घेणारा संकोचाने बोलत नाही. आपणच विचारले पाहिजे. मी दोन वर्षांनी गेलो, हीच माझी खरी चूक.