माझ्या चवीचं पिठलं

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. हसू येणारच. 'चूल आणि मूल' यातून बाईनं बाहेर पडावं म्हणून आपण इतकी वर्षं बोलतो आहोत, आणि ही बाई शिबिरात पिठल्यावर बोलायला उभी राहिली! सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचा आकडा सांगते. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं या बिनपगारी कामात जातात. पुरुषांची ८८, आणि तीही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच.

बाईच्या या जवळजवळ पाच तासांत मला आणखी अर्धा तास घालायचा नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. एवढे कष्ट करून जे शिजतं, त्यातलं तुमच्या स्वतःच्या चवीचं किती असतं?

गटाच्या बैठकीत मी बायकांना विचारते, "तुम्हाला काय खायला आवडतं?" उत्तरं येतात, "ह्यांना वरण घट्ट लागतं", "सासूबाईंना लसूण चालत नाही", "पोरं तिखट खात नाहीत". मी पुन्हा विचारते, "ते झालं, पण तुम्हाला?" मग शांतता. शेवटी कुणीतरी म्हणते, "आपलं काय, आपल्याला काहीही चालतं."

हे 'काहीही चालतं' आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. मुलीला भाकरी थापायला शिकवतात ती सासरी कुणी नावं ठेवू नयेत म्हणून. तिला स्वतःला ती जाड आवडते की पातळ, हे कुणी विचारत नाही. पुढे तीसुद्धा विचारायचं विसरते.

याचं टोक दिसतं ते एकट्या राहणाऱ्या बायकांत. नवऱ्यानं टाकलेल्या, विधवा, नोकरीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या. यांच्यावर तर आता कुणाच्या आवडीनिवडीचं बंधन नाही. पण त्या काय म्हणतात? "एकटीसाठी कुठं चूल पेटवायची?" आणि चहात शिळी पोळी बुडवून रात्र काढतात. वीस वर्षं आठ माणसांचं रांधलेली बाई स्वतःपुरतं रांधत नाही, कारण तिच्या लेखी घरात जेवणारं माणूसच उरलेलं नाही. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याला कारणं अनेक आहेत आणि लोहाच्या गोळ्या हव्यातच. पण जी बाई आपल्या ताटाचा विचारच करत नाही, तिच्या अंगात रक्त येणार कुठून?

म्हणून आम्ही वस्तीत एक साधा प्रयोग केला. पिठलं निवडलं, कारण बेसन, कांदा, मिरची आणि चमचाभर तेल बहुतेक घरांत निघतं, आणि पंधरा मिनिटांत होतं. पाचजणींना एकाच डब्यातलं वाटी वाटी बेसन दिलं. अट एकच: घरी करता तसं नाही, तुम्हाला हवं तसं करा.

आधी हात थबकले. मग एक कोकणातली म्हणाली, "मला खरं तर कुळथाचंच लागतं." तिनं बेसनाच्या पिठल्यात दोन आमसुलं टाकली. जिच्या घरी लसूण चालत नाही तिनं दहा पाकळ्या ठेचल्या. सोलापूरकडच्या बाईनं दाण्याचा कूट आणि काळा मसाला घातला. चौथीनं वाटीला तीन वाट्यांच्या जागी चार वाट्या पाणी घालून वाटीनं प्यायचं पिठलं केलं. पाचवीनं मात्र घट्ट करून मुद्दाम खाली लागू दिलं. म्हणाली, "घरी खरवड मला मिळते, कारण शेवटी तीच उरते. आज मला हवी म्हणून केली."

यातून आम्ही एक पद्धत बसवली. पदार्थ रोजचाच ठेवायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कधी फोडणी, कधी आंबट, कधी कूट, कधी पातळ-घट्टपणा. खाऊन बघायचं, आवडलं की नाही ते स्वतःशी ठरवायचं. ज्यांना स्वयंपाक येतच नाही अशा तरुण मुलींना सुरुवातीला माप लागतं. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं (१९७०) वाटी-चमच्याच्या मापानं कित्येकींना शिकवलं. माप धरून सुरुवात करा, पुढचं आपल्या जिभेला ठरवू द्या. एकटीसाठी मूठभर मटकीला मोड आणले तर दोन वेळचं होतं. मेथी-चवळईच्या भाजीवर लिंबू पिळलं तर चवही येते आणि भाजीतलं लोह अंगाला अधिक लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी लागतं, म्हणून चहा तासाभरानं.

एक खुलासा. मी भाजी-भाकरीचं बोलते ते शाकाहार श्रेष्ठ म्हणून नव्हे. कुणी काय खावं यावरून आपल्याकडे जातीची उतरंड रचली गेली आहे, तिला माझा हातभार नको. ज्यांना मासे-मटण आवडतं त्यांनी ते आवडीनं खावं. पण त्यांच्याही घरी बहुतेक दिवस डाळ, पिठलं, पालेभाजीच असते. म्हणून तीच बेचव का खायची, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, घरात पाच तोंडं, पाच चवी. मग काय पाच भाज्या करायच्या? मुळीच नाही. वरण एकच, साधं. ठेचा, लिंबू, जवसाची चटणी समोर ठेवा. ज्याला वेगळी फोडणी हवी त्यानं उठून द्यावी, त्यात नवराही आला आणि मुलगाही. "तुझ्या हाताची चव कुणाला नाही" हे कौतुक ऐकून आपण कढई पुन्हा हातात घेतो, ते जरा थांबवू या. पंधरा मिनिटांचं पिठलं कुणालाही शिकता येतं.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं एवढं करावं. प्रत्येकीनं आपल्याला आवडतो तसा एक रोजचाच पदार्थ डब्यात आणावा, आणि तो तसा का आवडतो ते सांगावं. जी म्हणेल "मला काहीही चालतं", तिला सोडू नका. तिच्याजवळ बसा आणि पुन्हा विचारा.