थकवा आणि रक्तातील लोह



थकव्याची तक्रार घराघरांत इतकी नित्याची झाली आहे की, तिच्याकडे तक्रार म्हणून कोणी लक्षच देत नाही. सामायिकाच्या ४८ मिनिटांत डोळे मिटू लागतात, स्थानकाचा जिना चढताना मध्येच कठडा धरावा लागतो, दुपारी स्वयंपाकघर आवरले की अंग जमिनीला टेकावेसे वाटते. घरातील स्त्रीने हे बोलून दाखवले तर 'वय झाले', 'दगदग फार होते' किंवा 'हल्लीच्या मुलींत दमच नाही' अशी तीन उत्तरे तयार असतात. त्यांपैकी तिसरे उत्तर सर्वांत अन्यायाचे आहे. अशा कित्येक स्त्रियांच्या थकव्याचे मूळ शरीरातील लोहाच्या उणिवेत असते. ही उणीव रक्ताच्या साध्या तपासणीत कळते आणि काही महिन्यांत भरूनही काढता येते. ती न मोजता वर्षानुवर्षे एखाद्या सुनेला आळशी ठरवणे हा सूक्ष्म हिंसेचाच एक प्रकार म्हटला पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. पुरुषांतील आकडा २१.९ टक्के आहे. हा गरिबांचा आजार आहे, ही समजूतही खरी नाही; देशातील सर्वांत संपन्न गटातही सुमारे निम्म्या स्त्रिया या व्याधीने ग्रस्त आहेत. प्रत्येक रक्तक्षयाचे कारण लोहच असते असे नाही, परंतु लोहाची उणीव हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात अवघे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेला असतो. फुप्फुसांतून घेतलेला प्राणवायू पेशीपेशींपर्यंत पोहोचवण्याचे काम हे हिमोग्लोबिन करते. स्नायूंना प्राणवायू साठवण्यासाठी आणि पेशींना अन्नापासून शक्ती निर्माण करण्यासाठीही लोहच लागते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मेल्यावर तिच्यातील लोह शरीर पुन्हा वापरते. काटकसरी व्यापाऱ्यालाही शिकण्याजोगी ही व्यवस्था आहे. रोज बाहेरून जेमतेम १ ते २ मिलीग्रॅम लोह शोषले गेले तरी हिशेब जुळतो. मात्र रक्त बाहेर गेले की तो बिघडतो, कारण १ मिलीलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलीग्रॅम लोह जाते. दर महिन्याची पाळी, त्यात ती अधिक जाणारी असेल तर विशेषच, आणि प्रत्येक गरोदरपणात लागणारे सुमारे १ ग्रॅम लोह, असा स्त्रीच्या खात्यावरचा खर्च पुरुषापेक्षा कितीतरी मोठा असतो.

शरीर आधी शिल्लक लोह वापरते आणि ती संपल्यावरच हिमोग्लोबिन उतरू लागते. सामान्यतः स्त्रियांत १२, पुरुषांत १३ आणि गर्भवतींत ११ ग्रॅमच्या खाली ते गेले की रक्तक्षय मानतात. परंतु शिल्लक संपत आली असतानाही थकवा जाणवू शकतो. ही शिल्लक फेरिटिन नावाच्या तपासणीत कळते. स्वित्झर्लंडमधील १४४ स्त्रियांचा एक अभ्यास २००३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. या स्त्रियांना कारण न सापडलेला थकवा होता, रक्तक्षय मात्र नव्हता. काहींना लोहाच्या गोळ्या व काहींना तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या चार आठवडे देण्यात आल्या. लोह घेणाऱ्यांचा थकवा २९ टक्क्यांनी उतरला, इतरांचा १३ टक्क्यांनी. आणि लाभ मुख्यतः ज्यांचे फेरिटिन कमी होते त्यांना झाला. म्हणून 'हिमोग्लोबिन बारा आहे, काही झालेले नाही' एवढ्यावर विषय संपत नाही. माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची अनावर इच्छा हेही लोह घटल्याचे लक्षण असू शकते. मुलीला ती सवय असेल तर रागावण्यापूर्वी तिचे रक्त तपासून घ्यावे.

आता आहाराकडे वळू. बाहेरची पुस्तके येथे फारशी उपयोगी पडत नाहीत. 'बीट खा' हा सल्ला सर्वत्र मिळतो. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात तो पाळता येत नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. बिटाचा रंग लाल असला तरी त्यात लोह अगदी थोडे असते. 'कडधान्यांना मोड आणा' हा दुसरा सल्ला. तो शास्त्राला धरून आहे, पण अनेक श्रावकांच्या घरी मोड आलेले धान्य चालत नाही. तेथे कडधान्य दिवसा काही तास भिजवून ते पाणी टाकून देणे हा मार्ग उरतो. लोहाला बांधून ठेवणारे घटक त्याने काही अंशी कमी होतात. बाजरी, मटकी, कुळीथ, हरभरा, अळीव आणि तीळ ही जैन स्वयंपाकघरातील लोहाची खरी भांडारे होत. चिंचेचे वा टोमॅटोचे सार लोखंडी कढईत केल्यास तिचेही थोडे लोह अन्नात उतरते. नॉनस्टिक भांड्यांनी ही आयती मिळकत बंद केली.

तरीही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली स्त्रीसाठी रोज २९ मिलीग्रॅम लोहाची शिफारस केली आहे, आणि हा आकडा एवढा मोठा असण्याचे कारण शोषणात आहे. वनस्पतीतील लोहाचा लहानसा अंशच आतड्यातून रक्तात जातो. त्या अंशात सर्वांत मोठी कपात करतो तो चहा. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या गृहिणींवरील प्रयोगात जेवणाबरोबर पाण्याऐवजी चहा घेतल्यावर लोहाचे शोषण एकतृतीयांशाच्याही खाली गेल्याचे दिसले. नवकारशी पाळणाऱ्या घरात सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी चहा आणि न्याहारी एकदमच होते. चौविहार असल्यास संध्याकाळचे जेवण आणि दिवसाचा शेवटचा चहाही सूर्यास्ताच्या घाईत एकाच बैठकीत उरकला जातो. व्रत उत्तमच आहे, फक्त चहाची वेळ चुकते. तो जेवणाआधी किंवा नंतर किमान तासभर अंतर ठेवून घेतला तर पुष्कळ लोह वाचेल. उलट ताज्या लिंबाचा रस, पेरू किंवा आवळा यांतील 'क' जीवनसत्त्व शोषण वाढवते. मात्र लिंबू त्याच घासाबरोबर पिळलेले हवे, दुपारच्या सरबताचा सकाळच्या बाजरीला उपयोग नाही.

द्विदलाच्या नियमाचीही येथे आठवण होते. कच्च्या दूध-दही-ताकाबरोबर कडधान्य न खाण्यामागचा विचार जीवदयेचा आहे. त्याला आधुनिक विज्ञानाचा शिक्का लावण्याची गरज नाही. तरीही दुधातील कॅल्शियम त्या जेवणातील लोहाचे शोषण कमी करते आणि हा नियम पाळणाऱ्याचा त्यात आपोआप लाभ होतो, हे नोंदवण्यासारखे आहे.

सर्वांत नाजूक प्रश्न तपश्चर्येचा. चातुर्मासात हिरवी भाजी सुटते, आयंबिलाच्या ओळीत फळ आणि लिंबूही नसते. डाळी-कडधान्यांतून लोह येते, पण त्याला सोबत राहत नाही. (आयंबिलात चहा नसतो, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.) नऊ दिवसांच्या ओळीने किंवा अठाईने निरोगी माणसाची शिल्लक संपत नाही. ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन आधीच आठ-नऊवर आले आहे आणि जी चक्कर सोसत मासक्षमणाचे पच्चक्खाण घेऊ पाहते, तिची गोष्ट वेगळी आहे. तत्त्वार्थसूत्राने तीर्थंकर-नामकर्माच्या कारणांत तप सांगताना त्याला शक्तीची मर्यादा जोडली आहे. ती शक्ती किती, हे ठरवताना रक्ताच्या अहवालाकडे पाहण्यात श्रद्धेची कमतरता नाही. पर्युषणाच्या दोन-तीन महिने आधी तपासणी केली तर उपचारालाही अवधी मिळतो. आदल्या आठवड्यात केलेल्या तपासणीने केवळ चिंता वाढते.

वर्षीतप करणाऱ्यांना २०१७ साली प्रसिद्ध झालेले झुरिकच्या संशोधकांचे काम उपयोगी पडेल. लोहाची शिल्लक कमी असलेल्या स्त्रियांत रोज गोळी देण्यापेक्षा एक दिवसाआड दिल्यास प्रत्येक गोळीतील लोह अधिक प्रमाणात शोषले जाते, असे त्यांना आढळले. गोळी घेतल्यावर यकृतातून स्रवणारे एक द्रव्य सुमारे दिवसभर पुढील लोहाची वाट अडवते, हे त्याचे कारण. म्हणजे बियासण्याच्या दिवशी गोळी आणि उपवासाच्या दिवशी विश्रांती, हा क्रम शरीरालाही मानवतो. अर्थात मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

गोळीने काहींना मळमळ किंवा बद्धकोष्ठ होते, शौच काळे होते. घाबरून औषध सोडू नये, डॉक्टरांना सांगून प्रकार वा वेळ बदलून घ्यावी. थकवा काही आठवड्यांत उतरू लागतो आणि नेमक्या त्याच वेळी गोळ्या बंद होतात. वास्तविक हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही शिल्लक भरण्यासाठी साधारण तीन महिने उपचार चालू ठेवावा लागतो. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, म्हणून साधी गोळी मागून घ्यावी. या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत; एकदम अनेक गिळल्यास त्या जीवघेण्या ठरतात. तपासणीवाचून मनानेच लोह घेणेही बरोबर नाही. थॅलेसेमिया मायनरमध्येही रक्त कमी दिसते, पण तेथे लोह कमी असेलच असे नाही. बी-१२ ची उणीव आणि थायरॉइडचे विकारही असाच थकवा आणतात. शाकाहारी कुटुंबांत बी-१२ आणि लोह या दोन्ही उणिवा एकत्र असणे दुर्मीळ नाही, आणि तेव्हा एकच भरून थकवा पुरता जात नाही.

समाजाच्या रक्तदान शिबिरांत नियमाने येणाऱ्या तरुणांनीही हिशेब ठेवावा. ३५० मिलीलिटर रक्ताबरोबर दीडशे मिलीग्रॅमहून अधिक लोह जाते. पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर पाळावेच, शिवाय वारंवार दान करणाऱ्यांनी अधूनमधून फेरिटिन पाहावे.

पुरुष आणि पाळी थांबलेल्या स्त्रिया यांच्या बाबतीत मात्र 'लोह कमी आहे, गोळ्या घ्या' एवढे म्हणून थांबणे धोक्याचे आहे. त्यांचे रक्त कोठून तरी जात असण्याचा संभव मोठा असतो: मूळव्याध, वेदनाशामक गोळ्यांनी झालेला जठरव्रण, क्वचित आतड्याचा कर्करोग. गादीवर बसून पन्नास वर्षे व्यापार सांभाळलेल्या गृहस्थाला अलीकडे दम लागतो आणि तपासणीत लोह कमी निघते, तेव्हा गोळ्यांबरोबरच शौचाची व जठर-आतड्यांची तपासणी त्याच महिन्यात करून घ्यावी. संकोचापोटी ती पुढच्या वर्षावर ढकलू नये.