रक्कम कमी द्या, पण तारीख पक्की द्या

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबादहून दुकानाला कुलूप लावून आलेल्या व्यावसायिक बंधू-भगिनींनो,

  संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. सीएनजी, हायब्रीड, बॅटरी बदलून देणारी केंद्रे, ई-रिक्षा, हायड्रोजनवरच्या बस या साऱ्यांचा आढावा स्मरणिकेत छापला आहे आणि तो चांगला झाला आहे. म्हणून माझा वेळ मी एकाच गोष्टीसाठी वापरणार आहे. २०१२ पासून ती माझ्या मनात सलते आहे.

सरकार पर्यायी इंधनाच्या गाड्यांना प्रोत्साहन जाहीर करते. त्यावर विसंबून आपण माल भरतो, जागा घेतो, माणसे ठेवतो. मग नियम बदलतो. त्या बदलाचा तोटा सरकारच्या खात्यात कधीच दिसत नाही. तो आपल्या कॅश-क्रेडिट कर्जखात्यावर व्याज होऊन चढत राहतो.

तरुण मंडळींना हे २०२३ मधल्या अनुदानकपातीचे दुखणे वाटते. त्यांना थोडे मागे नेतो. नोव्हेंबर २०१० मध्ये नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने विजेच्या गाड्यांना अनुदान सुरू केले. कमी वेगाच्या स्कूटरला ४,००० रुपये, जास्त वेगाच्या स्कूटरला ५,००० आणि मोटारीला एक लाखापर्यंत. ३१ मार्च २०१२ ला ती योजना संपली. पुढे काय, हे कुणी सांगेना. राष्ट्रीय विद्युत वाहन अभियानाचा आराखडा जानेवारी २०१३ मध्ये जाहीर झाला आणि प्रत्यक्ष पैसे देणारी ‘फेम’ योजना यायला १ एप्रिल २०१५ उजाडले. मधली तीन वर्षे पूर्ण कोरडी गेली. देशातली विजेच्या दुचाकींची विक्री २०११-१२ मध्ये लाखाच्या घरात होती. दोन वर्षांत ती वीस-एकवीस हजारांवर आली. कितीतरी उत्पादकांनी आणि विक्रेत्यांनी तेव्हा शटर कायमचे खाली ओढले.

२०१२ च्या उन्हाळ्यातले माझे गोदाम आजही मला दिसते. शिसे-आम्लाच्या बॅटरीची स्कूटर विकली नाही म्हणून नुसती उभी ठेवता येत नाही. चार्ज न करता महिना-दोन महिने गेले की प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि बॅटरी मरते. म्हणून आमचा मुलगा एका टोकाने चार्जर लावत जाई. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या गाड्या पुन्हा उतरलेल्या असत. वर दिल्लीचे भारनियमन. दिवाळीला जे गिऱ्हाईक आले, त्याला गाडी दाखवताना तिच्या चारही बॅटऱ्या आधी नव्या घालाव्या लागल्या. पेट्रोलची गाडी वर्षभर उभी राहिली तरी तिचे लोखंड जागेवर असते. आपला माल आंब्याच्या पेटीसारखा आहे, पडून राहिला की नासतो. नियम ठरवणाऱ्या कुणालाही हे माहीत असल्याचे मला आजवर जाणवलेले नाही.

आता सकाळच्या परिसंवादातल्या वादांकडे येतो. एक बाजू म्हणाली, अनुदानानेच हा धंदा बिघडवला, ते बंदच व्हावे. दुसरी म्हणाली, अनुदान वाढवल्याशिवाय धंदा जगणार नाही. मला दोन्ही मते मान्य नाहीत, आणि का ते सांगतो.

जून २०२१ मध्ये ‘फेम-२’, म्हणजे ‘फेम’च्या दुसऱ्या टप्प्याखाली दुचाकीचे अनुदान बॅटरीच्या दर किलोवॉट-तासाला १०,००० वरून १५,००० रुपये झाले आणि मर्यादा किमतीच्या २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेली. मे २०२३ च्या तिसऱ्या आठवड्यात अधिसूचना निघाली की १ जूनपासून दर पुन्हा १०,००० आणि मर्यादा १५ टक्के. तीन किलोवॉट-तासांची, कारखान्यातून लाख रुपयांना निघणारी गाडी घ्या. तिला मिळणारे ४०,००० एका रात्रीत १५,००० झाले. हातात अवधी किती? पंधरवड्याच्या आतबाहेर. देशभरात मे महिन्यात विजेच्या दुचाकींची नोंदणी लाखावर गेली आणि जूनमध्ये पन्नास हजारांच्या खाली आली.

आणि नियमाची मेख पाहा. तारीख धरली गेली ती आरटीओतल्या नोंदणीची. बयाणा कधी दिला, याला किंमत नव्हती. माझ्याकडे मे महिन्यात एका जोडप्याने बयाणा दिला होता. नवरा घरोघरी पार्सल पोचवणारा, बायको शिवणकाम करणारी, दोघे भाड्याच्या खोलीत. दिल्लीत अनेक भाडेकरूंकडे पत्त्याचा पुरावा नसतो, हे आपण रोज अनुभवतो. घरमालक करारावर सही करीना. कागद जमले तेव्हा जून लागला होता. त्या माणसाने मला एकच विचारले, ‘भाईसाहब, पैसा तो मैंने मई में दिया था ना?’ मी फरक माझ्या खिशातून भरला आणि गाडी दिली. पण त्या महिन्यात असे बयाणे प्रत्येक दुकानात होते आणि प्रत्येकाचा खिसा तेवढा खोल नव्हता.

त्या माणसाला अनुदान १५,००० मिळते की ४०,०००, यावर त्याचा धंदा उभा नव्हता. आधी कळले असते तर त्याने तसा हिशेब केला असता, मीही केला असता. आम्हाला मोडले ते तारखेने. म्हणून परिसंवादातल्या दोन्ही मित्रांना सांगतो, किती द्यायचे हा सरकारचा अधिकार आहे. दिलेला शब्द किती दिवस टिकेल, हे जाणून घेणे हा आपला अधिकार आहे.

तिसरे मत जरा कडवट होते. गुरुग्राम-मानेसरच्या कंपन्यांनी चिनी सुटे भाग जोडून अनुदान खाल्ले, त्यांचे झाले ते योग्यच झाले, असे एक सहकारी म्हणाले. अनुदानासाठीची स्थानिक उत्पादनाची अट मोडल्याच्या तक्रारी २०२२ मध्ये आल्या, अनुदान रोखले गेले आणि २०२३ मध्ये सात कंपन्यांकडे सुमारे ४६९ कोटी रुपये परत मागितले गेले. २०२१-२२ च्या विक्रीत देशात पहिल्या दोन क्रमांकांवर असलेल्या हिरो इलेक्ट्रिक आणि ओकिनावा त्यांत होत्या. हिरो इलेक्ट्रिक तर डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्याने अट मोडली त्याला शिक्षा झालीच पाहिजे, यावर माझे दुमत नाही.

पण गल्ल्यावर बसलेल्याने कोणती अट मोडली होती? पैशाची वाट आठवा. ‘फेम-२’मध्ये विक्रेता अनुदान वजा करून गिऱ्हाईकाला गाडी देत असे. ओळखपत्राची प्रत आणि सही असलेला अर्ज कंपनीकडे पाठवत असे. कंपनी सरकारकडे मागत असे. सरकार कंपनीला देई, कंपनी विक्रेत्याला. म्हणजे सवलत आधी आपल्या हातून जाई आणि परतफेड सर्वांत शेवटी आपल्यापर्यंत येई. वरचा नळ बंद झाला की कोरडा पडतो तो खालचाच. चौकशी चालली तोवर माझ्या ओळखीचा एक विक्रेता गोदामातल्या कोऱ्या गाडीचा कंट्रोलर काढून वॉरंटीतल्या गिऱ्हाईकाच्या गाडीला बसवत होता, कारण कंपनीकडून सुटे भाग येणेच थांबले होते. गिऱ्हाईक कंपनीच्या दारात जात नाही, ते त्याच्या दारात येत होते. शेवटी त्याच्याकडे न चालणाऱ्या कोऱ्या गाड्या उरल्या. त्याच्या त्या गाड्यांचा उल्लेख कोणत्याही चौकशीत नाही.

राज्य सरकारचा अनुभव वेगळा नाही. दिल्लीचे विद्युत वाहन धोरण ७ ऑगस्ट २०२० ला तीन वर्षांसाठी आले. मुदत संपल्यावर मुदतवाढीवर मुदतवाढ होत राहिली आणि गिऱ्हाईकांचे अनुदान थकले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. थकबाकी सरकारची होती, तरी गिऱ्हाईक रोज विचारायला येत होते ते आपल्याच दुकानात. केंद्राने मार्च २०२४ मध्ये ‘फेम-२’ संपताना जी योजना आणली, ती होती चार महिन्यांची! मग आणखी दोन महिने वाढवली. चार महिन्यांच्या योजनेवर कोणती बँक कर्ज देते? कोणता कारखाना साचे पाडतो?

सरकारला दुसरे काही जमतच नाही, असेही नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’मध्ये पहिल्या वर्षी किलोवॉट-तासाला ५,००० आणि दुसऱ्या वर्षी २,५०० हे आधीच सांगितले गेले. रक्कम उतरली, पण सांगून उतरली. चीनने २०२० मध्येच जाहीर केले होते की पुढील तीन वर्षे अनुदान दहा, वीस, तीस टक्क्यांनी घटेल आणि २०२२ अखेर संपेल. तिथला उद्योग त्या पायऱ्यांवरून उतरला. जर्मनीने मात्र डिसेंबर २०२३ मध्ये शनिवारी सांगितले आणि रविवारनंतर अर्ज घेणे बंद केले. तिथेही विक्रेते आपल्यासारखेच हवालदिल झाले. आपली दिल्लीही पाहा. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये बस सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला. मुदती पुढे गेल्या, भांडणे झाली, पण दिशा फिरली नाही. २००२ अखेर शहरातल्या बस सीएनजीवर आल्या. त्या दिशेवर विसंबून ज्यांनी किट बसवण्याचे गॅरेज काढले, त्यांची मुले आज तेच गॅरेज चालवतात.

कायदाही आपल्या बाजूला अगदीच नाही, असे नाही. १९७८ मध्ये मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सरकारच्या आश्वासनावर विसंबून कुणी भांडवल गुंतवले, तर सरकारला तो शब्द पाळावा लागतो. जनहितासाठी धोरण बदलता येते, हे नंतरच्या निकालांत आहेच. पण जनहितासाठी बदल करायचा तर गोदामातल्या मालाला जुना नियम लावायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मराठी माणूस म्हणून बोलतो. ‘फेम’ राबवणारे अवजड उद्योग मंत्रालय २००९ ते २०२१ सलग आपल्या माणसांकडे होते: विलासराव देशमुख, प्रफुल्ल पटेल, अनंत गीते, अरविंद सावंत, प्रकाश जावडेकर. ‘फेम’च्या दोन्ही योजना याच काळात आल्या. उद्योग भवनातल्या त्या मंत्रालयाचे दार आपल्याला इतके जवळ पुन्हा कधी असेल? तरीही जी जी शिष्टमंडळे मी पाहिली, ती अनुदान वाढवून मागायला गेली. मुदत लेखी मागणारे एकही निवेदन माझ्या पाहण्यात नाही. आपण दयेची याचना केली, कराराची भाषा बोललोच नाही.

यापुढे ती बोलू या. आपल्या मागण्या तीन. बदलाची सूचना किमान सहा महिने आधी. बदलाच्या दिवशी गोदामात असलेला आणि बयाणा घेतलेला माल जुन्या नियमाने. आणि विक्रेत्याने दिलेली सवलत ठरलेल्या मुदतीत परत, उशीर झाला तर व्याजासह. यासाठी एक छोटी समिती, तोट्यांची एक नोंदवही आणि जमल्यास एक कायदेशीर सल्लागार असावा, असे माझे म्हणणे आहे. तपशील कार्यकारिणी ठरवील.

तोवर प्रत्येकाने एवढे करावे. २०१२ पासून नियम बदलल्याने बुडालेल्या पैशाचे बिल, पत्र, बँकेचा उतारा, जे असेल ते घेऊन या. तोटा सोसून गप्प बसणे म्हणजे धंद्यातले धैर्य, असे आपल्याला शिकवले गेले. मी ते मानत नाही. सरकारच्या शब्दावर आपण पैसे लावले होते आणि तो शब्द मोडला गेला. हे कागदावर आणा आणि या तीन मागण्यांच्या आजच्या ठरावावर सही केल्याशिवाय या सभागृहातून जाऊ नका.