नौकेच्या फासळ्यांमधील अंतर
(संघाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



फळ्यावर वर्ग आणि घन शिकविण्यात आमची पस्तीस वर्षे गेली. तरीही घरच्याच नौकेचा प्रश्न समोर आला तेव्हा तो वर्ग आम्हांस आठवला नाही, हे प्रथमच सांगून टाकतो.

आमच्या चुलतबंधूंनी लाकडी नौका बांधावयास घेतली होती. वडीलधाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे फासळ्या दीड-दीड फुटावर यावयाच्या. बांधणाऱ्याने सुचविले, एकाआड एक फासळी गाळा. मोठ्या पोलादी जहाजांतही आडव्या फासळ्या दूर दूरच असतात. हिशेबास आम्हांस बसविले. आम्ही लाकूड मोजले, मजुरी मोजली, बचत काढली आणि मान डोलावली.

समुद्राचे पाणी तीन फूट खोलीवर तळाच्या प्रत्येक चौरस फुटास सुमारे ८७ किलो भाराने दाबते. म्हणजे फुटाफुटावर एकेक धिप्पाड गडी उभा! दोन फासळ्यांमधील फळी हा भार तुळईसारखा तोलते. अंतर दुप्पट झाले की फळीवरील ताण चौपट आणि तिचा वाक सोळापट होतो. फळी दुप्पट जाड घातली तर ताण पूर्ववत् होईल, परंतु वाक दुप्पट उरतोच. आम्ही तर फळी तीच ठेवली होती. लाटेगणिक फळ्या आतबाहेर होऊ लागल्या, सांध्यांत ठासलेला कापूस सुटला, आणि ऐन हंगामात नौका किनाऱ्यावर ओढून घ्यावी लागली. सुदैवाने माणसे सुखरूप परतली.

मोठ्या जहाजांचा दाखला खोटा नव्हता, अर्धा होता. जोझेफ इशरवूड या इंग्रज नौकाशिल्पज्ञाने १९०६ साली ज्या रचनेचे पेटंट घेतले, तीत आडव्या चौकटी विरळ असतात खऱ्या. पण जहाजाच्या लांबीच्या दिशेने मजबूत पट्ट्या जवळजवळ धावतात, आणि पत्र्यावरील भार प्रथम त्याच झेलतात. लांब जहाज लाटेवर धनुष्यासारखे वाकू पाहते, तेव्हाही त्या कामी येतात. आमच्या नौकेत त्या पट्ट्या कोठे होत्या? हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही.

गाळलेल्या फासळ्या पुढे बाभळीच्या नैसर्गिक वाकाच्या लाकडातून काढून बसविल्या. वाचविलेल्या रकमेहून खर्च अधिक झाला. हंगाम गेला तो निराळाच. चुलतबंधूंनी आम्हांस एका शब्दाने बोल लावला नाही, त्याचेच अधिक वाईट वाटले.

आता त्यांचे चिरंजीव दुसरी नौका बांधीत आहेत. नाळेखालच्या तळावर लाट आपटते, म्हणून तेथे फासळ्या आणखी जवळ घेण्याचे ठरले आहे. येत्या माघात टेप घेऊन आम्ही तेथे जाणार आहोत. आपल्यापैकी ज्यांस नौका बांधावयाची असेल त्यांनी अवश्य बरोबर यावे.