तंटा मिटला, की दबला?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मी रहाटणीत राहतो. आज इथं इमारतीला इमारत लागली आहे, पण शेताच्या बांधावरून भांडलेली माणसं अजून आहेत. बांध वीतभर सरकला की दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. वकिलाची फी, एस.टी.चं भाडं आणि तारखेवर तारीख!

हे दुखणं ओळखून राज्य सरकारनं 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तेव्हा गृहमंत्री होते आर. आर. पाटील. ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानातून गावागावांत चढाओढ लावली होती. तीच युक्ती आता भांडणांसाठी वापरली. ग्रामसभेनं समिती नेमायची, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं, आणि मूल्यमापनात तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येच्या प्रमाणात बक्षीस द्यायचं. पोलीस आधुनिकीकरणाची केंद्राची योजना 1969-70 पासून आहे. तिच्यातून गाड्या, वायरलेस, शस्त्रं येतात. इथं मात्र सरकार सलोख्यासाठी पैसे देत होतं. कल्पना खरोखर चांगली होती.

माझ्या मामूंच्या गावात मी तिचं फळ पाहिलं. दोन चुलतभाऊ अकरा वर्षं एकमेकांच्या दारात गेले नव्हते. बैठक झाली, मोजणीचा नकाशा अंथरला गेला, दोघांनी सह्या केल्या. त्या बकरी ईदला एका घरचा कुर्बानीचा वाटा दुसऱ्या घरी गेला. मामी पदरानं डोळे टिपत होत्या.

त्याच वर्षी, त्याच गावात, एक मुलगी माहेरी परतली होती. नवरा मारायचा. तिला ठाण्यात तक्रार द्यायची होती. एक वडीलधारे म्हणाले, “पोरी, आत्ता नको. मूल्यमापन तोंडावर आलंय, गावाचं बक्षीस जाईल.” समजूत घातली गेली, सही घेतली गेली. कागदावर दोन तंटे मिटले. दोन्ही कागद सारखेच दिसत होते.

कोणत्या गुन्ह्यात तडजोड चालते, हे कायद्यानं ठरवून दिलं आहे. पूर्वी ती यादी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये आहे. पत्नीचा क्रूरपणे छळ करण्याचा गुन्हा त्या यादीत नाही. पण बक्षिसाला घाई असते, आणि मिटलेला तंटा मोजता येतो. बाईनं गिळलेला हुंदका कोणत्या रकान्यात भरणार?

हा प्रश्न खेड्यापुरता नाही. आमच्या पिंपरी-चिंचवडला 15 ऑगस्ट 2018 रोजी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं. शहरात तंटामुक्ती समिती नाही, पण सोसायटीची कमिटी आहे. तिथंही रात्री भिंतीपलीकडून आवाज आला, की सकाळी म्हणतात, “घरातला मामला आहे, सोसायटीचं नाव जाईल.” गुन्हे कमी दाखवण्याला शाबासकी असेल, तर गुन्ह्याआधी नोंदच कमी होते. तेव्हा सरकारनं सलोख्याला पैसे जरूर द्यावेत. पण समितीनं किती बायकांना आधार देऊन ठाण्यापर्यंत पोचवलं, यालाही गुण द्यावेत.

आणखी एक. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. तिच्या उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. त्या मुलीला हे कुणी सांगितलं नाही.

त्या बैठकीत मीही होतो. कवी म्हणून मला मानानं पुढं बसवलं होतं. सही करण्याआधी तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नकाशा घडी करत राहिलो.

ती सही तिची होती, पण तिच्यात माझं गप्प बसणंही आहे. तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीत अशी बैठक बसली, तर एवढंच विचारा: तंटा मिटतोय, की माणूस दबतंय?