भरपाई म्हणजे भीक नव्हे



आपल्या वाई तालुक्यात ऊस पिकतो. गुऱ्हाळे आहेत, भुईंजला साखर कारखाना आहे. यंत्र आले, तसा धोकाही आला. चरकात हात गेला, तर घरची चूल कशी पेटणार?

पुष्कळांना आम्ही म्हणताना ऐकतो, "मालकाने दोन पैसे दिले, उपकार झाले." उपकार कसले? तो हक्क आहे. कामावर, कामामुळे इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा १९२३ साली झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा नियम सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. शेतात ट्रॅक्टरवर राबणाऱ्या मजुरालाही तो लागू आहे.

भरपाई पगार, वय आणि इजा पाहून ठरते. हाताचा अंगठा गेला, तर कमाईची ताकद शेकडा ३० घटली असे धरतात. मात्र दारू पिऊन यंत्राला हात घालाल, तर हक्क जाऊ शकतो.

मालक म्हणेल, "एवढी रक्कम आणू कोठून?" त्यासाठी त्याने विमा उतरवावा. हप्ता मालकाने भरायचा, मजुराच्या पगारातून कापायचा नाही. अपघात झाला की पैसे विमा कंपनी देते. मालक बुडत नाही, मजूरही उपाशी राहत नाही. ज्या कामगारांना राज्य विमा योजना लागू आहे, त्यांना त्या योजनेतून मदत मिळते.

अपघात होताच मालकाला लेखी कळवा. दोन वर्षांच्या आत अर्ज करा. कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नका. आता आपल्याला वाचता येते. आधी कागद वाचा, मगच सही करा.